वहिनी, ते खाण्यानं झालं नव्हतं

वहिनी,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, दादा कालपासून वर्कशॉपला जायला लागला. घर रिकामं झालं म्हणून मी लिहायला बसले. भरल्या घरात तुझ्यापुढे माझं कधी चाललंच नाही. तिथं कायम तूच बोलायचीस.

तू कशानं गेलीस हे सगळ्यांना माहीत आहे. तिथवर कशी पोचलीस, यातला काही भाग मात्र फक्त तुला आणि मला ठाऊक होता, आणि आता मला एकटीलाच आहे. तो क्रमानं लिहून ठेवते. रडत सांगायला गेले तर माझी चूक त्यात वाहून जाईल, आणि तसं व्हायला नको.

तू लग्न होऊन जालन्यातल्या मस्तगडच्या घरात आलीस तेव्हा मी नववीत होते. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बारावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. दादाला तू म्हणालीस, "पोरगी शिकून राह्यली तर शिकू द्या की. भाकरी थापायला मी हाये." त्याच वर्षी तू डबे सुरू केलेस. आधी कॉलेजची चार पोरं, मग बियाणं कंपनीतली माणसं. त्या डब्यांच्या आधारावर मी आहारशास्त्र शिकले, जालन्यात दवाखान्याला लागले, आणि नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर तुझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवायला सुरुवात केली.

"वहिनी, ही तर्री आहे का तळं?"

"कंपनीची पोरं दिवसभर उन्हात प्लॉट बघत फिरून राह्यलेत. त्यांना काय दवाखान्याचं वरण घालू?"

"वरणानं कोणी मरत नाही."

"मरत न्हाई. पण जेवत बी न्हाई कोणी."

हे भांडण आपण सोळा वर्षं चालवलं. करडईचं तेल चांगलं की सोयाबीनचं, येसराच्या आमटीत मीठ किती, भाताआधी काकडी का खायची. मी पुस्तकातलं सांगायचे, तू डब्यातलं दाखवायचीस: डबे चाटूनपुसून परत आलेले असायचे. तुझं वजन वाढलंय, कमी कर, हेही मी दर भेटीत म्हणायचे. तू हसायचीस आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचीस.

दीड वर्षापूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तू दवाखान्यात आलीस. घरी विचारलं नाहीस. बाकीच्या बायकांसारखी नंबर लावून माझ्या टेबलासमोर बसलीस.

"पोट फुगून राह्यलंय गं. दोन घास खाल्ले की गच्च होतंय."

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू जेवणाबद्दल मला काहीतरी विचारत होतीस. मी कागद पुढे ओढला. हरभऱ्याची डाळ बंद, शेंगदाणे बंद, ठेचा बंद, तेल निम्मं, जेवल्यावर शतपावली. तू तो कागद घडी घालून पिशवीत ठेवलास आणि अगदी तंतोतंत पाळलास. काही दिवस हलकंही वाटलं तुला. गॅसच होता, असं आपण दोघींनी मानलं.

महिन्याभरानं पुन्हा आलीस. मी दूध बंद केलं. तिसऱ्या वेळी म्हणालीस, लघवीला सारखं जावं लागतं. मी साखर तपासायला लावली. साखर बरोबर निघाली आणि मी तो विषय तिथंच सोडला. चौथ्या वेळी तू काट्यावर उभी राहिलीस तर वजन उतरलेलं. मी तुझी पाठ थोपटली. "बघ, जमतंय की नाही?" असं म्हणाले. माझे शब्द मला नेमके आठवतात, कारण त्या वेळी माझा आवाज फार खूश होता.

असे पाच महिने गेले.

पुढचं प्रज्ञानं पाहिलं. नात्यातल्या एका लग्नाला निघताना तुझी लेक तुझ्या निऱ्या धरायला खाली बसली आणि तशीच वर बघत राहिली. मी शेजारी पिना शोधत होते.

"आई, तुझं पोट वाढून राह्यलंय अन् हात वाळून चाललेत. आत्या, हे कसलं डायट गं?"

लग्नाला आपण गेलो. जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं आणि अंडाशयावर गाठ होती. तिथून संभाजीनगरला पाठवलं.

संभाजीनगरच्या डॉक्टर वयानं लहान होत्या. मी तुझी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात मी लिहिलेले पाच महिन्यांचे आहाराचे कागद होते, तारखेनुसार लावलेले. त्यांनी ते एकेक करून उलटले आणि बाजूला ठेवले.  मग तुला विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?"

"पोटात पाणी झाल्तं. गावात नेमकं कोणी सांगितलंच न्हाई. माझ्या लग्नाच्या आधीच गेली."

"आईच्या बहिणी?"

"थोरल्या मावशीला छातीत गाठ होती. ती बी गेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तुझ्याकडे नीट पाहिलं. दोन मिनिटं लागली असतील या सगळ्याला. तुला आई नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती कशानं गेली, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. तू सकाळी काय खातेस, दुपारी काय खातेस, चहात साखर किती घेतेस, हे सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

परतताना माफी मागायचं मी गाडीत मनाशी ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. बदनापूरच्या अलीकडे तू म्हणालीस, "गाडी थांबवा, भूक लागली." हॉटेलात भजी मागवलीस, एक खाल्लंस, बाकीची प्लेट माझ्याकडे सरकवलीस. "खा. तुझं तोंड उतरलंय." मी खाल्ली. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. नंतर वर्षभर रोज संधी होती, आणि रोज मी दुसरंच काहीतरी बोलले.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि तुझ्या ताटावर सगळ्यांचा हक्क झाला. मोबाईलवर येईल ते दादा खरं मानायचा. साखर बंद, दूध बंद, मटण-अंडी बंद, पुढं गहूही बंद. सकाळी हळदीचं पाणी, मग कसल्याशा पानांचा हिरवा रस. पन्नास माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला घरात कोणी धड जेवू देईना. तुझे खांदे हँगरसारखे दिसायला लागले तेव्हा मी दादाशी भांडले.

"दादा, तिला अंडं दे, वरण दे, मटणाचं पाणी दे. अशानं ती रोगानं नाही, उपासानं जाईल."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझंच ऐकून पाच म्हैने घालवले ना आपण?"

इतक्या दिवसांत हे उघड बोलणारा तो एकटाच.  कॉटवरून तुझा आवाज आला, "अहो, तिला काय बोलू नगा. ती काय डाक्टर हाये का?"

तू माझी बाजू घेतलीस, वहिनी. आणि त्याच वाक्यात निकालही देऊन टाकलास. तुला तो द्यायचा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या भांडणातून वाट काढली ती समोरच्या रेहाना आपांनी. स्टीलच्या किटलीत मटणाची यखनी घेऊन त्या सरळ आत आल्या आणि दादाला म्हणाल्या, "भाईजान, पहले ताकत आने दो. परहेज बाद में." रेहाना आपांना नाही म्हणायची सोय आपल्या गल्लीत कोणालाच नाही. तू ते गरम पाणी घोट घोट करत सगळं प्यायलीस आणि भिंतीला टेकून म्हणालीस, "आपा, मिरे जरा जास्ती झालेत." आपा हसल्या. मी हसले. दादाही हसला. दुसऱ्या दिवसापासून घरात अंडी यायला लागली. त्या हिवाळ्यात तू थोडी भरलीस, ओट्यापाशी स्टूल टाकून बसायला लागलीस, प्रज्ञाला फोडणी कशी द्यायची ते सांगायला लागलीस. त्या दोन महिन्यांबद्दल मी आपांची ऋणी आहे.

तेव्हाच एका दुपारी तू आंबटचुका निवडत बसली होतीस. मी शेजारी होते.

"सुनंदा, खरं सांग. मी काय खाल्लं म्हणून हे झालं? तेल? तिखट? का फोडणीचा धूर?"

दवाखान्यात मी हा प्रश्न शंभर वेळा ऐकलाय. तुला मी तेच सांगितलं जे ठाऊक आहे. एखादा पदार्थ खाल्ला म्हणून हा कॅन्सर होतो, असं कोणाला सांगता आलेलं नाही. दूध, मांस, तेल, सगळ्यांचा अभ्यास झालाय, पण ठाम असं काही हाती लागलेलं नाही. वजन फार वाढलं तर धोका थोडा वाढतो म्हणतात. भाजीपाला, डाळी खाव्यात, पण ते एकूण तब्येतीसाठी. खाण्यानं याला हमखास अडवता येत नाही. "तुझ्या आईला, मावशीला होतं ना, ते या सगळ्याहून जड आहे. छातीचा आणि अंडाशयाचा, दोन्ही असे रक्तातून येऊ शकतात. तू काही चुकीचं खाल्लं नाहीस, वहिनी."

तुझा चेहरा सैल पडला. इतके महिने तू स्वतःच्याच चुलीला दोष देत होतीस, हे मला त्या क्षणी कळलं. मग भाजीवरचा तुझा हात थांबला.

"म्हंजी प्रज्ञाला?"

मी म्हणाले, डॉक्टरांनी तुझी रक्ताची तपासणी सांगितलीच आहे. तू दर खेपेला पुढं ढकलतेस. ती केली तर प्रज्ञाचंही कळेल.

तू पुढची जुडी ओढलीस. मग म्हणालीस, "मंग असं कर. खाण्यानंच झालं म्हण सगळ्यांना. तू म्हणलीस तर लोक ऐकतील. दवाखान्यातली हायेस तू."

"खोटं सांगू?"

"पोरीचं जमून राह्यलंय. भोकरदनची माणसं चांगली हायेत. रक्तात हाये म्हणलं तर उंबऱ्यात कोण उभं करंल तिला?"

"तिला कळलं तर ती जपेल. वेळेवर तपासण्या करेल."

"कळलं तर ती माझ्यासारखी रोज पोट चाचपत बसंल. चोवीस वर्षांची हाये ती."

"निदान तू तरी तपासणी कर."

"माझ्या कागदावर आलं म्हंजी तिच्या कपाळावर आलं. बिलकुल करायची न्हाई."

हे भांडण आपण तीनदा केलं. दरवेळी मला तुझं अर्धं पटायचं, आणि ते अर्धं कोणतं हे दरवेळी बदलायचं. आजार उलटला, पोटात पुन्हा पाणी झालं, तू पुन्हा दवाखान्यात गेलीस. तिथंही तू हाच विषय काढलास. "तू शब्द दे," म्हणालीस. मी म्हणाले, "आधी तपासणी कर, मग देते." नर्स सलाईन बदलायला आली. ती जाईपर्यंत तुझा डोळा लागला होता. नंतर बोलण्याएवढी तू जागी राहिली नाहीस. शब्द मी दिला नव्हता. नाही म्हणायचंही राहून गेलं होतं.

जलदान विधीच्या दिवशी भोकरदनच्या बाई, मुलाची आई, आल्या. भन्तेजींचं सूत्रपठण झालं, बायका आत सतरंजीवर बसल्या. तुझ्या डब्यांवर वाढलेली दोन पोरं दारात उभी होती. त्या बाई माझ्याजवळ सरकल्या.

"तुम्ही तर खाण्यापिण्यातल्या जाणकार. कशानं झालं म्हणावं हो?"

मी म्हणाले, "वर्षानुवर्षं फोडणीपुढं उभ्या. तेलकट, तिखट. अवेळी जेवण. शरीर किती सोसणार?"

माझा आवाज जराही हलला नाही. बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, मी तर तळण सोडूनच दिलंय. शब्द न देता मी तो पाळला, वहिनी. तुझ्याच घरात बसून तुझ्या स्वयंपाकावर आळ घेतला.

प्रज्ञा पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती.

"आत्या, खोटं नको बोलू." आवाज चढवला नाही तिनं. "आईच्या आईला हेच झाल्तं. मोठ्या आजीला छातीचा झाल्ता. आईचं खाण्यानं न्हाई झालं. मला बी होऊ शकतं. न्हाई बी होऊ शकत. मी तपासणी करणार हाये."

 रेहाना आपांनी तिच्या हातातला ट्रे घेतला. भोकरदनच्या बाई जेवल्या, निघताना प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्यांचा फोन अजून आलेला नाही. त्या हाताचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही.

मागं भांडी घासताना मी तिला विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाह्यजे? दिवसभर कंपनीच्या लॅबमध्ये बियाणंच तपासते मी. आजी, मोठी आजी, आई. एवढं दिसल्यावर पुढचं कळत न्हाई व्हय?" मग कढई पालथी घालत म्हणाली, "अन् आईच्या जेवणाला कोणी नावं ठेवलेली मला चालणार न्हाई. तू बी न्हाई."

मग मी तिला पाच महिन्यांचं सगळं सांगितलं. वजन उतरलं म्हणून पाठ थोपटली, तेसुद्धा. ती ऐकत राहिली. ठीक आहे म्हणाली नाही आणि रागावलीही नाही. "आईला सांगितलंस का हे?" एवढंच विचारलं. मी मानेनंच नाही म्हणाले.

त्याच संध्याकाळी तुझी मावसबहीण लता, परतूरची, मला अंगणात गाठून म्हणाली, "ताई, मला बी दोन म्हैने झाले, पोट गच्च वाटून राह्यलंय. प्रज्ञा बोलली म्हणून सांगते, न्हाईतर मी काय सांगितलं नसतं." तिची आई म्हणजे तुझी थोरली मावशी. सोमवारी मी तिला घेऊन गेले. सोनोग्राफीत काही निघालं नाही. पण घरातली हकीकत ऐकून डॉक्टरांनी तिलाही तपासणीच्या यादीत घातलंय. ती रडली, मग जेवली.

परवा आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. प्रज्ञा, दादा आणि मी. तपासणीआधी समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, आजारी माणसाची तपासणी आधी झालेली असली की लेकीचं उत्तर नीट लागतं. नुसती लेकीची केली आणि काही निघालं नाही, तरी शंका राहते. मला वाटलं, संपलं. तू नाही म्हणाली होतीस आणि तू गेलीस. पण त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा दवाखान्यात जपून ठेवलेला आहे. त्यावरून तुझी तपासणी अजून होऊ शकते. फक्त घरच्यांची सही लागेल.

कागद दादापुढे आला. त्यानं चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मराठीत होता, तरी दोनदा वाचला. पेन हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाला, "तिला हे चाललं असतं का?"

तुझ्याकडून उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

प्रज्ञा म्हणाली, "न्हाई चाललं असतं. तुम्ही सही करा, पप्पा."

दादानं सही केली.